मदत हवी आहे: राज्याच्या कायद्यांतले बदल वेळेवर कळण्याची खात्रीची पद्धत कोणती?

महापे_हिशेब
तातडीचं आहे म्हणून थेट लिहिते. आमच्या मोठ्या ग्राहक कंपनीने व्हेंडर ऑडिट केलं, त्यात दोन शेरे आले. कामगार कल्याण निधी आम्ही अजून जुन्याच दराने, कामगाराचे १२ आणि आमचे ३६ रुपये, असा भरतोय. आणि एका मुलीचा पगार २२,००० असूनही तिचा दरमहा २०० व्यवसाय कर कापला जातोय. दोन्ही नियम बदललेत हे आम्हाला ऑडिटरनेच सांगितलं. शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचंय. त्यात 'यापुढे बदल कसे टिपणार' असा रकाना आहे. पीएफ-ईएसआयचं कळतं, ते सोडा. राज्याचं कुठून कळतं? कृपया नेमकं सांगा.

पगारपत्रक
माणसं किती? कारखाना की ऑफिस? जागा एकच की दोन-तीन? कंत्राटी आहेत का? एवढं सांगितल्याशिवाय कोणते कायदे तुम्हाला लागतात हेच ठरत नाही, मग बदल कशाकशातले टिपणार?

तोवर शेऱ्यांबद्दल. दोन्ही बरोबर आहेत. कल्याण निधी जून २०२४ च्या सहामाहीपासून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ असा झाला. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही हे १ एप्रिल २०२३ पासून आहे. त्यापुढे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पुरुषांचे टप्पे जुनेच, ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे २००.

ऐरोलीकर
कंप्लायन्सचं सॉफ्टवेअर घ्या, वर्षाची वर्गणी भरा, मेलवर अलर्ट येतो. माणूस लावून राजपत्र वाचायचे दिवस गेले.

राजपत्रवाचक
ऐरोलीकर, अलर्ट येतो हे मान्य. पण तो सगळ्या राज्यांचा येतो आणि पंचवीस मेलमध्ये महाराष्ट्राचा एक दबून जातो. आणि अलर्ट आला तरी पगाराच्या मास्टरमधला, म्हणजे संगणकात दर साठवलेल्या यादीतला आकडा कोणीतरी हातानेच बदलायचा असतो. ताईंकडे चूक तिथेच झालेली दिसते. १२-३६ हा आकडा मास्टरमध्ये कोणी, कधी टाकला याची नोंदच नसणार.

महापे ताई, मूळ जागा राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्राचे भाग ठरलेले आहेत. कामगारविषयक अधिसूचना भाग एक-ल मध्ये. राज्याच्या अधिनियमांखालचे इतर नियम चार-ब मध्ये, केंद्रीय अधिनियमांखालचे चार-अ मध्ये. विधेयकं भाग पाचमध्ये, अधिनियम आणि अध्यादेश भाग आठमध्ये. साप्ताहिक अंकावर 'गुरुवार ते बुधवार' असं छापलेलं असतं, असाधारण अंक कोणत्याही दिवशी निघतो. म्हणजे आठवड्यातून एकदा बसून साप्ताहिक आणि मधले असाधारण असे दोन्ही पाहायचे. अर्धा तास पुरतो.

शासन निर्णयांचं संकेतस्थळ वेगळं. तिथे उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग निवडा. पण शासन निर्णय हा प्रशासकीय आदेश असतो. दर बदलायला बहुतेक वेळा राजपत्रातली अधिसूचना किंवा सुधारणा अधिनियमच लागतो, तेव्हा निव्वळ निर्णय पाहून थांबू नका.

महापे_हिशेब
राजपत्राचं संकेतस्थळ उघडलं. पीडीएफमध्ये 'कामगार' शोधलं तर एकही निकाल नाही. जो शब्द समोरच्या पानावर डोळ्यांना दिसतोय तोच सापडत नाही.

राजपत्रवाचक
फॉन्ट. बरेच अंक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यातला मजकूर कॉपी करून पाहा, तिरपागडी अक्षरं येतील. अशा अंकात शोधावर विसंबू नका, अनुक्रमणिका आणि विभागाचं नाव डोळ्यांनी पाहा. बऱ्याच अधिसूचनांच्या मराठी मजकुरामागे इंग्रजी पाठ असतो. त्यात शोध लागतो, म्हणून मी शेवटच्या पानाकडून सुरुवात करतो.

वाचताना तीन तारखा वेगळ्या लिहा. सहीची, राजपत्राच्या अंकाची आणि अंमलाची. हिशेबाला अंमलाचीच लागते. किमान वेतनातल्या विशेष भत्त्याचंच पाहा. तो १ जानेवारी आणि १ जुलैपासून लागू होतो, कामगार आयुक्तांचं परिपत्रक मात्र नंतर हातात येतं. तोवर एखाद-दुसरा पगार होऊन गेलेला असतो आणि फरक द्यावा लागतो.

वागळे_इस्टेट
हे पाठ करा. १५ जानेवारी आणि १५ जुलै कल्याण निधी. ३१ जानेवारी लैंगिक छळ प्रतिबंध समितीचा वार्षिक अहवाल. जानेवारी आणि जुलैत अग्निशमनाचा फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीच्या सहीने. ३१ मार्च व्यवसाय कराचं वार्षिक विवरणपत्र, पण मागच्या वर्षीचा कर १ लाख किंवा जास्त असेल तर दरमहा. ३० जून पीटीईसीचे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या व्यवसाय कराचे २,५०० आणि घातक कचऱ्याचा फॉर्म ४. ३० सप्टेंबर प्रदूषण मंडळाचा फॉर्म पाच. भिंतीवर लावा, काही चुकणार नाही.

पगारपत्रक
वागळे, ही भरण्याची दिनदर्शिका झाली. त्यांनी १५ जुलैला वेळेवरच भरलं असेल, फक्त जुन्या दराने. तारीख पाळूनही रक्कम चुकते, हाच तर शेरा आहे.

वागळे_इस्टेट
फॉर्म बी बरेच जण विसरतात म्हणून लिहिलं. राज्याचाच कायदा आहे, २००६ चा.

तुर्भे_नाका
दुकाने अधिनियमात नोंदणीसाठीची १० माणसांची मर्यादा २० झाली आहे. ऐरोली, तुर्भ्याची छोटी ऑफिसं सुटली, नोंदणीची कटकटच नाही. ग्रुपवर बातमी आली तेव्हाच आम्ही फाइल बंद केली.

राजपत्रवाचक
याच सवयीमुळे शेरे येतात, म्हणून सविस्तर लिहितो. ती बातमी ३ सप्टेंबर २०२५ ची, मंत्रिमंडळाच्या निर्णयाची. त्या दिवशी कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. बदलासाठी पुढे अध्यादेश काढावा लागला. अध्यादेशही कायमचा नसतो. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा अधिनियमाने घेतली नाही तर तो संपतो. म्हणून फाइलमध्ये बातमीचं कात्रण ठेवून भागत नाही, अध्यादेश आणि नंतरचा अधिनियम दोन्ही हवेत.

त्याच बातमीत कारखान्यांतले रोजचे कामाचे तास ९ वरून १२ करण्याचंही होतं. तेव्हाचा कारखाना अधिनियम केंद्राचा, विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा. त्यात राज्याने विसंगत बदल केला तर राष्ट्रपतींची अनुमती लागते. दुकानांच्या आणि कारखान्यांच्या बदलांची वाटच वेगळी, तरी ग्रुपवर दोन्ही 'लागू झाले' म्हणून फिरले.

आणि मर्यादेखाली गेल्याने सुटका होत नाही. नोंदणीऐवजी सूचना द्यावी लागते, फॉर्म एफ. फाइल उघडा.

तुर्भे_नाका
फॉर्म एफचं लक्षात नव्हतं. उद्याच पाहतो.

कोपरीकर
नावाच्या पाटीचंही बघा. मराठी देवनागरीत, इतर लिपीपेक्षा अक्षर लहान नको. २०२२ च्या सुधारणेपासून दहापेक्षा कमी माणसांनाही लागू आहे. आणि जुना १०० चा स्टॅम्प पेपर करारासाठी घेऊ नका, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा.

महापे_हिशेब
पाटी मराठीतच आहे. कृपया विषयावर राहू या, माझा शुक्रवार जवळ येतोय.

महापेला कारखाना, अभियांत्रिकी, ४२ माणसं. ऐरोलीला ऑफिस, १४. सुरक्षा रक्षक मंडळाचे. बाकी कंत्राटी नाहीत.

पगारपत्रक
हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं. ५६ पैकी व्यवस्थापक किती?

महापे_हिशेब
चार.

पगारपत्रक
म्हणजे कल्याण निधीची माणसं ५२. दर सहामाहीला भरायला हवे होते ५,२००, भरले २,४९६. फरक २,७०४, त्यात कामगारांचा वाटा ६७६ आणि तुमचा २,०२८. ३० जून आणि ३१ डिसेंबरला मस्टरवर कोण होतं ते प्रत्येक सहामाहीला वेगळं मोजा, आजची ५२ नावं मागे लावू नका. कामगाराचा मागचा फरक आताच्या पगारातून परस्पर कापायचा नाही. ही कपात जून आणि डिसेंबरच्याच पगारातून होते, राहून गेलेली नंतर कापायला निरीक्षकाची लेखी परवानगी लागते. माणशी १३ रुपयांसाठी तो व्याप करण्यापेक्षा कंपनीने भरून टाकावेत.

त्या मुलीचे कापलेले पैसे तिला याच पगारात परत द्या, पगारपावतीवर वेगळी ओळ दाखवून. कर देय नव्हताच. विवरणपत्राचं नंतर बघा, पण महिनावार यादी आजच काढा. आणि बाकीच्या महिलांचंही तपासा. ऑडिटरने नमुना म्हणून एकच नाव घेतलं असेल.

महापे_हिशेब
तपासलं. आणखी दोघी निघाल्या.

ऐरोलीकर
मी अजूनही सॉफ्टवेअरच म्हणेन. राजपत्र वाचणारी व्यक्ती सुट्टीवर गेली की काय करणार?

राजपत्रवाचक
रास्त प्रश्न. अलर्ट घ्या, पण दुसरा डोळा म्हणून. अलर्टवरून मास्टर बदलायचा नाही, अलर्टवरून राजपत्राचा अंक शोधायचा आणि त्यावरून बदलायचा.

ताई, रकान्यात असं लिहा. एक वही किंवा शीट. दर सोमवारी अंक पाहिला ती तारीख, कोणते भाग पाहिले, काय सापडलं, अंमल कधीपासून, मास्टरमधलं कोणतं खातं बदललं, बदलणारा कोण आणि तपासणारा कोण. दोन माणसं वेगळी हवीत. काही नसेल त्या आठवड्यालाही 'निरंक' लिहा. कोरी ओळ दिसली तर पाहिलं नाही असाच अर्थ निघतो. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प वेगळा वाचा, महिलांची २५,००० ची घोषणा तिथेच झाली होती.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत गेले. त्यामुळे राज्याचं सगळंच गेलं असं काही जण समजतात. व्यवसाय कर, कल्याण निधी, दुकाने अधिनियम हे राज्याचे आहेत आणि चालूच आहेत. संहितांखालचे राज्याचे नियम कुठे येतील ते मात्र दर आठवड्याला पाहा, भाग एक-ल आणि चार-अ.

पगारपत्रक
शीटमध्ये एक रकाना वाढवा, महिनाअखेरची माणसं. कायदा तोच राहतो, आपला आकडा बदलतो. महापेला ४२ आहेत. ५० झाले की किमान घरभाडे भत्त्याचा १९८३ चा कायदा लागतो, ५ टक्के. तो कोणताही अलर्ट सांगणार नाही.

कोपरीकर
रक्षक मंडळाचे दर वेगळे सुधारतात, ते बिलावरून टिपा.

महापे_हिशेब
शीट केली. पाहणार मी, तपासणार आमचे अकाउंटंट. पहिल्या ओळीत आजची तारीख, भाग एक-ल, चार-अ, चार-ब आणि आठ. सापडलं काय, तर निरंक. दुसऱ्या ओळीत मागची दुरुस्ती, कल्याण निधी २५ व ७५, जून २०२४ पासून. अंकाचा क्रमांक तेवढा रिकामा आहे, तो शोधतेय.

राजपत्रवाचक
मार्च २०२४ चे अंक पाहा.