मदत हवी आहे: परफेक्शनिझम मोजायची प्रश्नावली

सत्तरीकरीण: मंडळी, तातडीने. अभ्यासात 'सगळं अचूकच हवं' म्हणून मुलं स्वतःला जाळतात, ते मोजायची प्रश्नावली कुठली घ्यावी? सोमवारी गाईडना दाखवायचीय. नेटवर ढीगभर आहेत.

डिचोलकर: मुलं कितवीची? एम.एड.साठी की शाळेसाठी?

म्हापशाचा बाबा: मोजून काय करणार? ट्यूशन बंद करा आणि मैदानावर पाठवा. माझा मुलगा फुटबॉलमुळेच सुधारला.

फोंड्याचा मास्तर: फ्रॉस्टची घ्या, १९९० ची, ३५ विधानं. चुकांची धास्ती, पालकांच्या अपेक्षा, पालकांची टीका सगळं वेगवेगळं कळतं. मी हीच वापरलेली.

डिचोलकर: मास्तर, ती कॉलेजच्या मुलींवर बेतलेली. शाळकरी मुलांसाठी फ्लेट-ह्युइट यांची २२ विधानांची आहे. स्वतःची स्वतःकडून अपेक्षा किती आणि इतरांची किती वाटते, असे दोन भाग.

फोंड्याचा मास्तर: त्यात आईबापांची टीका कुठे वेगळी दिसते? आपल्याकडे मूळ दुखणं तेच!

सत्तरीकरीण: एम.एड.साठी, नववी-दहावी. माध्यम इंग्रजी, घरी मराठी-कोकणी. वर्गात एक मुलगी आकृती खोडत बसते, कागद फाटतो, मग पान बदलते. अर्धा पेपर कोराच. तरी स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, 'किती नीटनेटकी!' अशीच मुलं मला शोधायचीत.

साखळीची आई: अकरावी सायन्सला वाळपईला घालावं की डिचोलीला? मुलीला ९१ टक्के आहेत.

डिचोलकर: ताई, वेगळा धागा काढा ना.

ताळगावकर: सत्तरीकरीण, स्लेनी यांची २००१ ची सुधारित 'ऑलमोस्ट परफेक्ट स्केल' बघ. २३ विधानं. उंच ध्येय वेगळं मोजते आणि 'कितीही केलं तरी कमीच' ही खंत वेगळी. ध्येय उंच, खंत कमी, ते मूल सुखी असतं. खंतही जास्त असली की त्रास. मूळ कॉलेजसाठी असली तरी हायस्कूलातही वापरलीय. मराठीत करणार असशील तर एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत आणायचं. आधी थोड्या मुलांकडून भरून घे. पालकांची संमती हवीच. आणि कुणी खूप त्रासलेलं निघालं तर त्याच्याशी कोण बोलणार, ते प्रश्नावली वाटायच्या आधी ठरव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ कागदावरच छाप.

सत्तरीकरीण: हीच घेते. संमतीपत्र इंग्रजीतच आहे, आज मराठीत करते. उलट भाषांतर रविवारपर्यंत कोण करून देईल?