घाटात रेल प्रेशर पडते: पंप उतरवण्यापूर्वी काय काय मोजून पाहावे?

चिरेवाला_लांजा

नमस्कार. माझ्याकडे बीएस ४ चा, सहा सिलिंडरचा कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना रेल नावाच्या एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारा) ट्रक आहे. लांज्याच्या आसपासच्या खाणींवरून जांभा चिरे भरून मी आंबा घाटाने कोल्हापूरच्या बाजूला टाकतो. गेला महिनाभर असे होते आहे की, साखरपा सोडून चढ लागला आणि भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ओढीला आली की पाच-सात मिनिटांत इंजिनाचा दिवा लागतो, पिकअप जातो आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी इंजिन वर चढत नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली आणि पुन्हा चालू केली की पुढची दोन-तीन वळणे ती नीट ओढते, मग पुन्हा तेच. रिकामी येताना काहीही त्रास नाही. सकाळी पहिल्यांदा चालू करताना मात्र स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. दुपारी, इंजिन गरम असताना, ती लगेच उचलते.

स्कॅनरवर पी ००८७, म्हणजे रेलमधील प्रेशर कमी असल्याचा कोड आला. डिझेल फिल्टर दोनदा बदलून झाला. गॅरेजचे म्हणणे असे की हाय प्रेशर पंप संपला असून तो उतरवून पाठवावा लागेल. पाऊस सुरू झाला की खाणी बंद होतात, त्यामुळे हातात जेमतेम तीन आठवडे आहेत आणि तेवढ्यात गाडी उभी ठेवणे परवडणारे नाही. पंपच गेला आहे हे खात्रीने कसे ठरवावे, आणि चालत्या गाडीत प्रेशरवर लक्ष ठेवण्याची काही रीत आहे का?


पंपरूम_चिपळूण

आपण दिलेल्या माहितीवरून मी तरी पंप इतक्यात उतरवू देणार नाही. आमच्याकडे बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) येणाऱ्या पंपांपैकी कितीतरी पंप निर्दोष निघतात आणि खोट टाकीकडच्या बाजूला सापडते, हे स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलणे असले तरी खरे आहे.

कॉमन रेलमध्ये दोन वेगवेगळी प्रेशर असतात आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो. टाकीतून डिझेल ओढण्याचे काम हाय प्रेशर पंपाच्या पाठीला बसवलेला छोटा गिअर पंप करतो. टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या नळीत डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते; म्हणजे तिथे प्रेशर नसून व्हॅक्युम असतो. पुढे मुख्य पंप तेच डिझेल रेलमध्ये दाबतो, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) साधारण ३०० बारच्या आसपास आणि पूर्ण लोडवर १,००० बारच्या बरेच वर. मागून पुरेसे डिझेल आलेच नाही, तर चांगला पंपही पुढे प्रेशर धरू शकत नाही आणि कोड मात्र तोच पी ००८७ येतो.

म्हणून स्कॅनर लावून घाट चढा आणि शेजारी बसलेल्या माणसाला तीन आकडे पाहायला सांगा: मागितलेले रेल प्रेशर, प्रत्यक्षातले रेल प्रेशर आणि मीटरिंग युनिटला (मुख्य पंपात किती डिझेल जावे ते ठरवणाऱ्या वाल्वला) ईसीयू (इंजिनाचा संगणक) देत असलेली आज्ञा. मागितलेले आणि प्रत्यक्षातले आकडे आयडलला जुळतात पण लोडवर प्रत्यक्षातला मागे राहू लागतो, आणि मीटरिंग युनिट पूर्ण उघडण्याची आज्ञा जाऊनही तो वर येत नाही, असे दिसले तर तीन शक्यता उरतात: मागून डिझेल कमी येते आहे, इंजेक्टर रिटर्नला (टाकीकडे परतणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडत आहेत, किंवा पंप खरोखरच झिजला आहे. झिजेची खूण अशी की डिझेल तापून पातळ झाले की त्रास वाढतो, आणि गरम इंजिन बंद करून लगेच चालू करायला गेल्यास ते रडते. आपली गाडी बरोबर उलट वागते, सकाळी इंजिन थंड असताना रडते आणि गरम झाल्यावर लगेच उचलते. म्हणून माझा संशय टाकीकडच्या नळीवर आहे.

गिअर पंपाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून व्हॅक्युम गेज बसवा आणि त्याच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी घाला. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच अंतिम. पूर्ण लोडवर व्हॅक्युम वाढत जात असेल तर वाट कुठेतरी अडली आहे. व्हॅक्युम कमी असून नळीत बुडबुडे दिसत असतील तर गाडी एअर घेते आहे. रेलवर या दोन्ही दोषांचे लक्षण एकसारखेच दिसते, गेजवर मात्र ती उलट दिशांना जातात.

एक ताकीद. जुन्या पंपाच्या गाडीत आपण इंजिन चालू ठेवून नोजलचा नट सैल करून पाहत असू; कॉमन रेलच्या हाय प्रेशर नळ्यांच्या बाबतीत ते कधीही करू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि तरीही ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.


मासळीगाडी_रत्नागिरी

पंपरूमवाल्यांनी म्हटले आहे त्यात माझ्या अनुभवाची भर घालतो. मिरकरवाड्यातून मासळी नेणाऱ्या माझ्या गाडीला सकाळचा हाच त्रास होता. बर्फाचे खारे पाणी चॅसीवर गळत राहते आणि डिझेलची लोखंडी नळी जिथे क्लॅम्पने चॅसीला धरलेली असते, तिथे क्लॅम्पच्या रबराखाली ते साचून राहते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आतून नळी खाऊन गेलेली असते. अशा भोकातून डिझेल बाहेर गळत नाही, कारण इंजिन चालू असताना तिथे ओढ असते. हवाच आत शिरते. त्यामुळे खाली डाग शोधत बसलो आणि वेळ घालवला.

आपण एक सोपी परीक्षा आधी करून पाहा. रात्री गाडी एकदा तोंड चढाकडे करून उभी करा आणि एकदा उताराकडे. तोंड वर असताना डिझेल टाकीकडे परतते आणि सकाळी जास्त स्टार्टर मारावा लागतो. आपल्याकडे सपाट अंगण मिळणे कठीण, म्हणून ही परीक्षा फुकटात होते. टाकीच्या झाकणाचा श्वास, म्हणजे हवा आत येण्याचे छिद्र, तेही पाहून घ्या; लाल धुळीने तो बुजला की टाकीत व्हॅक्युम तयार होतो. चढावर गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर दोष तिथेच आहे.


घाटमाथा_मलकापूर

एवढ्या खटपटीपेक्षा टाकीजवळ एक इलेक्ट्रिक फीड पंप बसवून टाका. माझ्या मित्राने बसवला असून गाडी उत्तम ओढते.


पंपरूम_चिपळूण

ते मला पटत नाही. ओढीवर चालणाऱ्या नळीत मागून दाब दिला की हवेचे भोक डिझेल गळण्याचे भोक होते आणि अडलेली वाट तशीच राहते. काही गाड्यांना कारखान्यातूनच टाकीकडे पंप असतो, पण तिथे नळ्या, फिल्टर आणि रिटर्न त्या हिशेबानेच दिलेले असतात. दोष सापडण्यापूर्वी तो झाकणे योग्य नाही.


चिरेवाला_लांजा

चार दिवसांनी लिहितो आहे, कारण सगळे मोजूनच यायचे ठरवले होते.

झाकणाचा श्वास मोकळा होता. उभी करण्याच्या परीक्षेत फरक स्पष्ट दिसला: तोंड उताराकडे असताना सकाळी पहिल्याच झटक्याला चालू झाली, तोंड चढाकडे असताना तीन वेळा स्टार्टर मारावा लागला. पारदर्शक नळीत आयडललाही तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे ओळीने येत होते. क्लॅम्प एकेक करून सोडले तेव्हा टाकीपासून तिसऱ्या क्लॅम्पखाली नळीवर पापुद्रा आला होता आणि नखाने खरवडताच तिथे भोक पडले. तेवढा तुकडा कापून नवी नळी टाकली, बुडबुडे थांबले आणि सकाळचा त्रास संपला.

मी आनंदाने चिरे भरले आणि घाटात गाडी पुन्हा बसली! या वेळी मुलाला स्कॅनर देऊन बसवले होते. मागितलेले प्रेशर १,३०० बारच्या आसपास होते आणि प्रत्यक्षातले घसरत ९०० पर्यंत आले. गेजचा काटा सपाटीवर ०.१५ बारवर होता, तो चढावर ०.४५ च्या पलीकडे गेला. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि हवा आत येत होती तोवर दुसऱ्या दोषाचा व्हॅक्युम गेजवर पुरता उठतच नव्हता. टाकीतला ओढनळीचा पाइप वर काढला तेव्हा त्याच्या टोकाची जाळी काळ्या, शेवाळासारख्या बुळबुळीत थराने जवळजवळ बंद झाली होती. फिल्टर कितीही बदलले तरी उपयोग नव्हता, कारण अडथळा फिल्टरच्या आधीच होता.

टाकी उतरवून धुतली आणि जाळी साफ केली. काल भरलेल्या गाडीने घाट एका दमात चढला, काटा ०.२ च्या वर गेला नाही आणि दोन्ही प्रेशर सोबत चालली. गेज मी तसाच ठेवला असून त्याचा काटा केबिनमधून दिसेल असा आणता येईल का, हे विचारायचे आहे.


पंपरूम_चिपळूण

आणता येईल, पण डिझेलची नळी केबिनमध्ये नेऊ नका. खाली व्हॅक्युम सेन्सर बसवून फक्त वायर वर घ्या. काळा थर म्हणजे टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात वाढलेले जंतू असतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, म्हणून वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा) नळ रोज सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी काचेच्या बाटलीत सोडून पाहत जा. पावसात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आतल्या रिकाम्या जागेत ओल धरणार नाही. धुतलेल्या टाकीतही थोडा थर उरलेला असतो, तेव्हा हा नवा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता दोन आठवड्यांत उघडून बघा आणि आत काय रंगाचे निघते ते इथे कळवा.