एसी 24 वर येतो म्हणून एवढा थयथयाट?

फ्यूजतार
काल इथे एकाने लिहिलं, 'आधी 24, आता 20 ते 28. उद्या सरकार माझी दुलईपण मोजून देईल.' त्यावर टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

24 हे बंधन नाहीच. 1 जानेवारी 2020 पासून स्टारवाला (म्हणजे वीजबचतीचं स्टिकर असलेला) एसी कारखान्यातूनच 24 वर लावून येतो, बस. रिमोट तुमच्याच हातात आहे, करा 18. एसी 20 ते 28 मध्येच चालेल ही घोषणा केंद्रीय ऊर्जामंत्री खट्टरांनी जून 2025 मध्ये केली, ती वेगळी भानगड. दोन्हींची खिचडी करू नका. आणि 18 लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसरला उसंत तेवढी मिळत नाही. आमच्या ऑफिसात भर मे महिन्यात 18 वर एसी आणि निम्मा स्टाफ शाल पांघरून एक्सेल भरतोय. अशांसाठी अक्कल यंत्रातच घालून पाठवावी लागते.

विदर्भकन्या
अक्कल ठेवा तुमच्यापाशीच. आमच्याकडे मे मध्ये पारा 46 ला टेकतो, गच्चीखालची खोली रात्री बारालाही भट्टी असते. 18 लावलं तरी 27 च्या खाली येत नाही. पुण्यात बसून आम्हाला शिकवून राहिले!

आणि स्टारचं काय? 2021 मध्ये पाच स्टार म्हणून जास्तीचे पैसे मोजले. जुलै 2022 पासून तेच मॉडेल चार स्टारचं. माझ्या पैशांचं लोणचं घालू?

फ्यूजतार
18 लावून 27 च येतंय, तर 24 लावून काय बिघडणार होतं? स्वतःच उत्तर दिलंत. आणि निकष कडक होत गेले नाहीत तर सगळ्याच एसींना पाच स्टार चिकटतील, मग त्या स्टिकरचा उपयोग काय?

टेस्टर
एसीवाल्यांनो, तुमचं चालू द्या. माझं दुखणं पंख्याचं आहे. जानेवारी 2023 पासून पंख्यांनाही स्टार सक्तीचे झाले. मी भाबडेपणाने हॉलमध्ये बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला. जुना 75 वॉट खायचा, हा 30. रोज दहा तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 135 युनिट वाचले. माझ्या स्लॅबला साडेतेराशे रुपये. वा वा.

वॉरंटी संपली आणि चौथ्या महिन्यात सर्किट गेलं. नवीन बोर्ड बाराशे, तोही तीन आठवड्यांनी. जुन्या पंख्याचा कपॅसिटर कोपऱ्यावरचा वायरमन शंभरात टाकून द्यायचा, वर चहा पिऊन जायचा. आता तो पंखा उघडून बघतो, 'साहेब, हे कॉम्प्युटरचं काम आहे' म्हणतो आणि स्क्रू परत आवळतो. स्टार देताना कोणी विचारलं का, की हा दुरुस्त होतो का म्हणून?

गॅलरीतून
+1. आमचा तर रिमोट हरवला, भिंतीवरचं बटण पाच वेळा खालीवर केलं की एक स्पीड. सासूबाई म्हणतात, देवाला घंटा वाजवतेस की पंखा लावतेस?

श्टुटगार्टकर
नेमकं हेच. युरोपातल्या नियमांची सुरुवातही विजेपासूनच झाली. स्टँडबायला, म्हणजे यंत्र नुसतं प्लगात असताना, 2010 मध्ये जास्तीत जास्त 1 वॉट, 2013 पासून अर्धा. पण मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग निदान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम आहे. गेल्या वर्षी माझ्या मशीनचा पंप मी स्वतः बदलला. व्हॅक्यूम क्लीनरवर 2014 मध्ये 1600 वॉटची मर्यादा आली तेव्हाही ब्रिटनमध्ये बोंबाबोंब झाली होती. 2017 मध्ये 900 झाली, घरं काही घाण राहिली नाहीत.

विदर्भकन्या
आली युरोपची आरती! त्याच व्हॅक्यूमचं वीजबचतीचं लेबल युरोपच्या कोर्टाने 2018 मध्ये उडवलं, ते का नाही सांगत? चाचणी रिकाम्या पिशवीवर घेत होते म्हणून व्हॅक्यूम बनवणारी डायसन कंपनी कोर्टात गेली आणि जिंकली. घरात कोण रिकामी पिशवी लावून झाडतं हो? कागदावरचे वॉट आणि घरातले वॉट वेगळे, हेच तर मी बोंबलून राहिली आहे.

श्टुटगार्टकर
लेबल रद्द झालं, 900 वॉटची मर्यादा नाही. पण चाचणीचा मुद्दा बरोबर आहे. घ्या, दिला एक गुण.

फ्यूजतार
मंडळी, धागा एसीचा आहे. पंख्यासाठी वेगळा काढा. आणि टेस्टर, एका बिघडलेल्या बोर्डावरून अख्खी योजना मोडीत काढायची? माझे तीन बीएलडीसी चार वर्षं बिनबोभाट चालू आहेत.

टेस्टर
तुमचे चालतात म्हणून माझा जळाला नाही का? ऑफिसातल्या शालींवरून तुम्ही देशाचं धोरण ठरवलंत, तेव्हा एक उदाहरण पुरलं होतं!

फ्यूजतार
बरं बाबा. पंख्याच्या स्टारबरोबर बोर्ड किती वर्षं मिळेल हेही छापा, मान्य. 24 वरून मात्र मी हलणार नाही.

विदर्भकन्या
हलू नका. मे मध्ये नागपूरला या, आपोआप वितळाल.

टेस्टर
पंख्याचा धागा काढतो, आधी बोर्ड येऊ दे. तोवर कोणाकडे कपॅसिटरवाला जुना पंखा पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा माझ्याकडून.