अतिदक्षता विभागासाठी मॉनिटर घेताना कनेक्टरची पारख कशी करावी?

प्रश्न – सांगली, रुग्णालयातील उपकरण देखभाल

नमस्कार. आमच्या रुग्णालयात खाटेशेजारी लावायचे नवे पेशंट मॉनिटर घेण्याचे ठरले आहे. आलेल्या दरपत्रकांमध्ये पडदा, बॅटरी आणि मोजमापांची यादी जवळपास सारखीच आहे. जुन्या मॉनिटरांच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेक आतल्या सर्किटच्या नसतात. ईसीजीची केबल किंवा एसपीओटूचा (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा) प्रोब यंत्रात जिथे बसतो, त्या जागेच्या असतात. कुठे पिन वाकलेली असते, तर कुठे केबलला धक्का लागताच आलेख तुटतो. म्हणून कनेक्टरची रचना हा खरेदीचा स्वतंत्र निकष असावा, असे मला वाटते. अडचण अशी की विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकच कनेक्टर नवा आणि घट्ट असतो. नेमके काय तपासावे?

उत्तर – मिरज, बायोमेडिकल अभियंता

घट्टपणा नंतर पाहावा. घाईगडबडीत त्या कनेक्टरमध्ये भलतेच काही जोडले जाऊ शकते का, हे आधी पाहावे. पूर्वी ईसीजीच्या तारांच्या टोकाला उघड्या धातूच्या पिना असत. १९८६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे अशा तारा विजेच्या केबलमध्ये खोचल्या गेल्या आणि एका लहान मुलीचा मृत्यू झाला. १९९३ मध्ये शिकागोत एका नवजात बाळाच्या बाबतीत असेच घडले. त्यानंतर १९९७ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा उघड्या पिनांना मनाई करणारा नियम केला, आणि वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकातही तशीच अट आहे. नव्या मॉनिटरसोबत येणारी केबल ही अट पाळतेच; परंतु ती खराब झाल्यावर बाजारातून स्वस्तात आणलेली केबलही पाळते का, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. तारेच्या टोकाचा धातू प्लास्टिकच्या आत दडलेला असला पाहिजे.

एसपीओटूच्या बाबतीत धोका वेगळा आहे. नऊ पिनांचा डी आकाराचा कनेक्टर अनेक कंपन्या वापरतात, पण पिनांची मांडणी एकसारखी नसते. शिवाय प्रोबमधील लाल दिव्याची तरंगलांबी सुमारे ६६० नॅनोमीटर असली तरी ती थोडी इकडेतिकडे असते, आणि तिची ओळख मॉनिटरला पटवण्यासाठी अनेक प्रोबच्या कनेक्टरमध्ये एक रेझिस्टर किंवा चिप बसवलेली असते. त्यामुळे प्रोब सॉकेटमध्ये बसला, आकडाही दिसू लागला, तरी तो आकडा विश्वासार्ह असेलच असे नाही. कोणते प्रोब चालतात याची यादी कंपनीकडून लेखी घ्यावी.

उत्तर – सातारा, अतिदक्षता विभागातील परिचारिका

अभियंता साहेबांच्या मुद्द्यांना वापराच्या बाजूने थोडी जोड देते. रात्री, हातमोजे घालून, एका हाताने रुग्णाला सावरत आम्ही केबल लावतो. सॉकेटची खाच कोणत्या बाजूला आहे हे समोरून दिसले पाहिजे, अन्यथा पिन बळाने दाबली जाते आणि वाकते. रुग्णाला सीटी स्कॅनला नेताना केबल ओढली जाते. तेव्हा ती सहज निसटूही नये, आणि काढायची असेल तेव्हा तार धरून खेचावीही लागू नये. प्रात्यक्षिकाच्या वेळी विभागातील सिस्टरांना हातमोजे घालून केबल लावू द्यावी आणि विक्रेत्याने मध्ये बोलू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

रंगांकडेही लक्ष द्यावे. आयईसी पद्धतीत उजव्या हाताची तार लाल, डाव्या हाताची पिवळी, डाव्या पायाची हिरवी आणि उजव्या पायाची काळी असते. अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा काळा, डावा पाय लाल आणि उजवा पाय हिरवा असतो. एकाच विभागात दोन्ही पद्धतींचे संच ठेवल्यास हिरवी किंवा लाल तार चुकीच्या जागी लागणारच, आणि त्याबद्दल परिचारिकेला बोल लावणे अन्यायाचे आहे.

उत्तर – सांगली, इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक

संपर्कबिंदूंचा विचार संकेताच्या आकारमानावरून करावा. ईसीजीचा संकेत सुमारे १ मिलिव्होल्टचा असतो. धमनीतील रक्तदाब मोजणारा ट्रान्सड्यूसर प्रत्येक व्होल्टमागे आणि प्रत्येक मिमी पाऱ्यामागे ५ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा असताना १ मिमीचा फरक अवघ्या २५ मायक्रोव्होल्टचा असतो. एवढ्या सूक्ष्म संकेतात संपर्काचा रोध क्षणभर जरी बदलला, तरी पडद्यावर खोटा आलेख उमटू शकतो. म्हणून निकेलवर सोन्याचा मुलामा असलेले संपर्क मागावेत, आणि पेशंट सिम्युलेटर (रुग्णासारखे कृत्रिम संकेत देणारे यंत्र) जोडून केबल मुळाशी सर्व दिशांना वाकवून पाहावी.

माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रश्न मात्र हा आहे की झीज कोठे होते. झिजणारा, वाकणारा भाग केबलच्या बाजूला असेल तर केबल बदलून काम भागते. तो यंत्राच्या बाजूला असेल आणि सॉकेट थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेले असेल, तर एका पिनेसाठी संपूर्ण बोर्ड बदलण्याची वेळ येते. सुट्या सॉकेटची किंमत दरपत्रकातच लिहून मागावी. तसेच हृदयाच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पॅडल दाखवलेली खूण असलेली जोडणी डिफिब्रिलेटरचा (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) झटका सोसणारी असते, आणि तिची चाचणी ५ किलोव्होल्टला होते. सॉकेटमध्ये ओल किंवा जंतुनाशकाचा थर साचला तर पिनांमधील विद्युतरोधन कमी होते. पुसताना द्रव आत झिरपणार नाही, अशी सॉकेटची रचना आणि दिशा असावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सिस्टरांची हातमोज्यांची सूचना खरेदी समितीपुढे ठेवतो. रक्तदाबाच्या कफच्या नळीबद्दल कोणी सांगू शकेल का? तिच्यात वीज नसल्यामुळे ती आमच्या यादीत नव्हती.

उत्तर – मिरज, बायोमेडिकल अभियंता

ती यादीत सर्वांत वर घ्यावी. काही कफच्या नळ्यांना लूअर पद्धतीचे (सिरिंजला असते तसे निमुळते) टोक असते आणि सलाईनच्या जोडणीलाही तेच असते. दोन्ही चुकून एकमेकांना जोडले गेले, तर कफ फुगवणारी हवा थेट शिरेत जाते. हे टाळण्यासाठीच आयएसओ ८०३६९-५ हे कफसाठीचे स्वतंत्र मानक २०१६ मध्ये आले. तपासणी सोपी आहे: नळीचे टोक हाताने थ्री-वे (सलाईनच्या नळीतील तीन तोंडांची तोटी) आणि कॅन्युलावर (शिरेत घालायची बारीक नळी) बसवून पाहावे, आणि ते बसले तर ती नळी नाकारावी.