मदत हवी आहे: ३०४ स्टेनलेसची टाकी ठणठणीत, सॉकेटला मात्र सात महिन्यांत गंज

मंडळी, नमस्कार. येडशीजवळ माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. ग्रिल-शटर रोजचं, स्टेनलेसचं काम मधूनमधून. गेल्या वर्षी कुंथलगिरीकडच्या एका खवा भट्टीवाल्या काकांना ५०० लिटरची पाण्याची टाकी करून दिली. पत्रा ३०४, दीड एमएम, आर्गॉन वेल्डिंग. सहा सॉकेट (नळ बसवायचे आट्यांचे तुकडे), तेही "३०४" च्या रॉडमधून टर्नरकडून काढून घेतले.

सात महिन्यांनी काकांचा फोन. "अरे, तुझं स्टील गंजलं की रे!" जाऊन बघितलं. पत्रा आरशासारखा. सॉकेटची बाहेरची गोलाई पण बरी. पण नळ खोलून तोंडाकडून पाहिलं तर कापलेल्या बाजूवर आणि आट्यांमध्ये सुईने टोचल्यासारखी भोकं, प्रत्येकाभोवती तपकिरी डाग. नख फिरवलं की खरखर लागतं. दोन सॉकेटना वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी चीर, तिथून पाणी पाझरतंय.

पाणी बोअरचं, आपल्याकडचंच. घागरीला पांढरा थर धरतो. शिवाय टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात.

रॉडवाल्याकडे तुकडा नेला. त्याने धातू तपासायची गन लावली, क्रोमियम १८, निकेल ८ च्या वर, स्क्रीनवर ३०४. "माल चोख आहे, तुमच्या पाण्यातच खोट," म्हणून मोकळा झाला. पाणी खराब असेल तर पत्रा कसा वाचला? माझ्या वेल्डिंगची चूक आहे का? काका आता पैसे मागत नाहीत, पण तोंड दाखवायला लाज वाटते.

प्रतिसाद (लेथवाला)
भाऊ, एकच सांगा. टर्नर रॉडबद्दल काय म्हणाला होता?

धागाकर्ता
खूश होता. "असलाच माल आणत जा, लोण्यासारखा कापतो," म्हणाला. बर (कापताना निघणारा कीस) पण बारीक तुटून पडत होता.

प्रतिसाद (लेथवाला)
मग झालं. ३०४ कधी लोण्यासारखं कापत नाही. त्याचा बर लांब, दोरीसारखा निघतो, टूलला गुंडाळतो, टर्नर शिव्या देतो. तुमचा रॉड ३०३ असणार. त्यात गंधक मुद्दाम घालतात, बर तुटावा म्हणून. ३०४ मध्ये गंधक जास्तीत जास्त ०.०३ टक्के चालतं, ३०३ मध्ये कमीत कमी ०.१५. पाचपट! क्रोमियम-निकेल मात्र दोन्हीत जवळपास सारखंच, म्हणून गन फसली. अशा घाईच्या तपासणीत गंधक सहसा हाती लागत नाही आणि कार्बन तर ती गन दाखवूच शकत नाही.

गंधक मँगनीजशी जुळून सल्फाइडचे बारीक कण करतं. रॉड लाटताना ते कण लांबीच्या दिशेने दोऱ्यासारखे ताणले जातात. गोलाईवर ते आडवे झोपलेले, पण रॉड कापला की टोकं उघडी पडतात. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा तिथे कच्चा राहतो. बोअरच्या पाण्यातला क्लोराइड तिथूनच शिरतो, सल्फाइड विरघळतं आणि खड्डा खोल जातो. आटे म्हणजे तर पाणी अडकून बसायची जागा. तुमच्या गोलाईला काही झालं नाही आणि तोंडाला झालं, ते यामुळे.

चिरांचं कारणही तेच. गंधकवाला रॉड वेल्डिंगमध्ये गरम असतानाच तडकतो. हातात दोष नाही तुमच्या.

प्रतिसाद (भट्टीकडचा)
पण दादा, वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोमियम कार्बाइड होऊन कडेने गंज येतो, असं आमचे सर सांगायचे. म्हणूनच तर कमी कार्बनचं ३०४एल वापरतात ना?

प्रतिसाद (लेथवाला)
सरांचं बरोबर आहे. साधारण ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ राहिलं तर कार्बन क्रोमियमला ओढून घेतो. पण तो गंज वेल्डिंगला समांतर पट्ट्यासारखा येतो, आणि दीड एमएम पत्रा लवकर थंड होतो. इथे पत्रा चकचकीत आहे. तेव्हा सरांना सध्या सुट्टी.

धागाकर्ते भाऊ, घासून, पॉलिश करून उपयोग नाही, पोटातलं गंधक तिथेच राहणार. सहाही सॉकेट कापून काढा. नवीन ३१६एल चे बसवा, मॉलिब्डेनममुळे क्लोराइडला जास्त टिकतात. टर्नर कुरकुरेल, कुरकुरू द्या. रॉड घेताना टेस्ट सर्टिफिकेटवर गंधकाचा आकडा वाचा. सर्टिफिकेट नसेल तर तुकडा वाळूजला किंवा जालन्याला स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजायची तपासणी) करून घ्या. आणि काकांना सांगा, टीसीएल कोरडी टाकून तळाशी बसू देऊ नका. बादलीत कालवून, निवळी तेवढी टाका. गाळ बसला तर ३१६ पण खातो.

धागाकर्ता
आत्ताच कपाटातला उरलेला तुकडा काढला. टोकाला मालाची जात ओळखायची रंगाची खूण आहे, मी कधी बघितलीच नव्हती. रविवारी सॉकेट कापायला जातो, मजुरी माझी. एकच, ३१६एल चा ४० एमएम रॉड लातूर-धाराशिव पट्ट्यात फूटभर कापून देणारं कुणी माहीत आहे का? मला अख्खा रॉड घेणं परवडत नाही.