बायबलिकल स्टडीज की थिऑलॉजी, मास्टर्सला काय घ्यावं?

अनया
नमस्कार मंडळी, इतिहासात बीए झालंय आणि आता बायबलचा नीट अभ्यास करावा म्हणून मास्टर्सचा विचार चाललाय, पण बायबलिकल स्टडीज घेऊ की सिस्टिमॅटिक थिऑलॉजी (म्हणजे चर्चच्या शिकवणीचा पद्धतशीर अभ्यास) इथेच गाडी अडलीये. शुभवर्तमानं (मत्तय, मार्क वगैरे येशूच्या जीवनावरची पुस्तकं) कशी लिहिली गेली तेही समजून घ्यायचंय आणि चर्च ख्रिस्ताबद्दल जे मानतं ते का मानतं तेही. ग्रीक-हिब्रूचा गंध नाही. आणि खरं सांगू, मी श्रद्धाळू आहे, त्यामुळे असं चिकित्सक वाचायला लागल्यावर प्रार्थनेचं काय होईल याची धाकधूक आहे. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा प्लीज.

पानोपानी
मी नवा करार घेऊन मास्टर्स केलंय. एक्सेजेसिस म्हणजे वचनाचा बारकाईने अर्थ लावणं, ते आत्ताच करून बघ, मार्क १०:१८ आणि मत्तय १९:१७ शेजारी-शेजारी ठेव. प्रसंग तोच, श्रीमंत माणूस सार्वकालिक जीवनाबद्दल विचारायला येतो. मार्कमध्ये येशू म्हणतो मला उत्तम का म्हणतोस, मत्तयात म्हणतो उत्तमाविषयी मला का विचारतोस. बहुतेक अभ्यासक मार्क आधी लिहिलं गेलं असं मानतात, मग मत्तयाने हे का बदललं असेल? मार्कमधलं वाक्य त्याला अडचणीचं वाटलं का, की त्याचा सगळा रोख पुढे येणाऱ्या आज्ञांवर आहे? आता असे प्रश्न अख्खा सेमिस्टर घेऊन बसायला आवडणार असतील तर डोळे झाकून बायबलिकल घे. ग्रीक मात्र पहिल्या दिवसापासून रोज करावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

सुधीर_वाचतो
ताई, उदाहरण झकास आहे पण तुमचा प्रश्न जिथे थांबतो तिथे आमचा, थिऑलॉजीवाल्यांचा, सुरू होतो. नीतिसूत्रे ८:२२ बघा, तिथे ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला आरंभी निर्माण केलं, आणि हे ज्ञान म्हणजे देवाचा पुत्र ख्रिस्तच असं तेव्हा दोन्ही बाजू धरून चालत. चौथ्या शतकात एरियसच्या (पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही म्हणणारा धर्मगुरू) बाजूचे लोक हेच वचन पुढे करून म्हणायचे की बघा, पुत्र निर्माण केलेला आहे, आणि त्यांचा विरोधक बिशप अथनेशियस याला त्याच वचनाचा वेगळा अर्थ पानंच्या पानं लिहून मांडावा लागला. ३२५ ची निकियाची परिषद, जिथे बिशपांनी एरियसचं मत नाकारलं, ती म्हणजे आपण आज तत्त्वज्ञानाचा वाद समजतो पण ते लोक भांडत होते बायबल कसं वाचायचं यावरच. बायबलिकल आणि थिऑलॉजी हे दोन विषय वेगळे करायची रीत बरीच नंतरची, जर्मन अभ्यासक गाब्लरचं आल्टडॉर्फ विद्यापीठातलं १७८७ चं भाषण त्यासाठी कायम सांगितलं जातं. अनया, तू इतिहासाची आहेस ना, मग मला वाटतं हिस्टॉरिकल थिऑलॉजी किंवा हिस्टरी ऑफ इंटरप्रिटेशन (बायबलचा अर्थ काळानुसार कसा लावला गेला याचा इतिहास) असा पेपर कुठे मिळतो ते बघ, तुझे दोन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात.

रुथ_एम
श्रद्धेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. धक्का बसतो, खोटं कशाला सांगू. सायनाइटिकस आणि व्हॅटिकनस ही चौथ्या शतकातली हस्तलिखितं, त्यात मार्क १६:८ लाच संपतं, स्त्रिया घाबरून कबरेपासून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, बस. लहानपणापासून पाठ असलेल्या पुढच्या बारा ओळी तिथे नाहीतच. माझी प्रार्थना बरेच दिवस अडखळत होती, पण थांबली नाही, आणि आता ईस्टरला तोच अचानक संपणारा शेवट मला सगळ्यात जास्त भिडतो, कारण ती भीती खरी वाटते. विसाव्या शतकातला स्विस थिऑलॉजियन कार्ल बार्थ तर उदारमतवादी थिऑलॉजी (बायबलकडे चिकित्सक नजरेने बघणारी) शिकून पाळक झाला आणि पाळकी करता करताच त्याने रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिलं, १९२२ ला ते जवळजवळ नव्याने लिहून काढलं. म्हणजे चिकित्सा शिकलेला माणूस उपदेश करू शकतोच. फक्त एक कर, अ‍ॅडमिशनच्या आधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचार की असे प्रश्न वर्गात शिक्षकांसमोर बोलता येतात का. जिथे बोलता येत नाहीत तिथे विषय कुठलाही घेतलास तरी जड जाईल.

अनया
रुथताई, मनापासून थँक्यू, हेच ऐकायचं होतं. सुधीरदादा, हिस्टरी ऑफ इंटरप्रिटेशनला ग्रीक आधी की लॅटिन?

सुधीर_वाचतो
ग्रीक. अथनेशियसही त्यातच लिहितो.