'विथड्रॉवल'ला काय म्हणावं? 'माघार' सोडून सुचवा

तापीकाठ:
पुरुषांच्या सर्जरी वॉर्डाबाहेर लावायची एक पानी सूचना मराठीत करायची आहे. वाचणारे धुळे-शिरपूर-अमळनेरकडचे नातेवाईक. सांगायचं एवढंच की रुग्ण रोज पिणारा असेल तर भरती करतानाच सांगा, कारण दारू अचानक थांबली की शरीर बंड करतं. अडलंय 'विथड्रॉवल'पाशी. कच्च्या मसुद्यात 'माघारीची लक्षणे' आहे. वाचून वाटतं, उमेदवारी अर्ज मागे घेतल्यावर हात थरथरतात. 'वियोगलक्षणे' म्हणावं तर थेट भावगीत. काय लिहू?

शब्दवेल्हाळ:
'प्रत्याहार' का नको? सुटसुटीत आहे, संस्कृतातून आलेला आहे. रुळवला की रुळतो. 'दूरध्वनी'लाही लोक हसलेच होते.

कळण्याची_भाकर:
आणि अजून फोनच म्हणतात, भाऊ. शिवाय प्रत्याहार हे योगाचं पाचवं अंग. तिथं माणूस इंद्रियं स्वतःहून आवरून घेतो. इथं पाय मोडून खाटेवर पडलाय म्हणून दारू बंद झालीय, त्यात त्याची मर्जी कुठं आली? आपल्याकडे 'दारू उतरनी' म्हणतात, सगळ्यांना कळतं. 'दारू उतरताना होणारा त्रास' लिहा.

वॉर्ड_नऊ:
'उतरताना' लिहू नका, त्यानं घोळ होईल. उतरणं म्हणजे नशा जाणं, आणि नशा काही तासांत जाते. नातेवाईक म्हणतील, "त्याची तर कालच उतरली." खरा त्रास त्यानंतर वाढतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांनी हात कापायला लागतात, घाम, मळमळ, झोप नाही. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो: ताप, नाडी जोरात, माणूस सलाईन उपटतो, अंथरुणावरचे नसलेले किडे वेचतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. तोवर ऑपरेशन होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, त्यामुळे दारूकडे कुणाचं लक्षच जात नाही. भुलीचा, तापाचा, क्षार बिघडल्याचा शोध सुरू होतो. तोही घ्यावाच लागतो, पण दारूचं आधी कळलं असतं तर औषध पहिल्या दिवशीच सुरू झालं असतं. म्हणून सूचनेत 'त्रास' या शब्दापेक्षा 'शेवटची कधी घेतली' हा प्रश्न मोठ्या अक्षरात हवा.

तापीकाठ:
प्रश्न घेतो. पण शब्द?

मेहरूणची_बोर:
'अंमल सुटणे' कसं वाटतं? 'अंमल' हा जुना अरबी शब्द, अर्थ सत्ताही आणि कैफही. 'अमली पदार्थ' त्यातूनच. राजस्थान-गुजरातेत 'अमल' म्हणजे सरळ अफू. दारूची शरीरावरची सत्ता सुटली की बंडाळी माजते, अर्थ चपखल बसतो.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे प्रत्याहार परका आणि अरबी घरचा!

मेहरूणची_बोर:
'दारू' तरी कुठली हो? फारसीत दारू म्हणजे औषध. दारूगोळ्यातलीही तीच. आणि 'गर्द' (ब्राउन शुगर) म्हणजे फारसीत धूळ. शुद्धी करायला बसलात तर प्यायला फक्त सुरा आणि मदिरा उरतील, आणि रुग्णाला पिण्याबद्दल विचारायच्या प्रश्नावलीत ते शब्द घालून बघा.

वॉर्ड_नऊ:
गर्दचा विषय निघालाच आहे तर एक भेद. गर्द किंवा अफू बंद झाली की अंग मोडतं, जुलाब होतात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. हाल फार, पण निरोगी प्रौढ माणूस त्यानं सहसा दगावत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलामसारख्या, एकदम बंद झाल्या तर फिट येऊन जीव जाऊ शकतो. तेव्हा शब्द कोणताही घ्या, 'आजपासून एक थेंब नाही' असा शपथेचा सूर सूचनेत नको. रोजचा पिणारा असेल तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीत बंद करायची. ग्लुकोजची बाटली लावताना आधी किंवा सोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-१), नाहीतर मेंदूला इजा व्हायची भीती: डोळे एका जागी ठरत नाहीत, चाल झोकांड्या खाते, भान हरपतं. हे नातेवाइकांसाठी नाही, वॉर्डासाठी.

सातबारा:
सगळे 'उतारा' विसरलात. हँगओव्हरवर सकाळी घ्यायचा घोट म्हणजे उतारा. 'विथड्रॉवल'साठी नाही, पण प्रश्नावलीत लागतोच. केज ही चार प्रश्नांची प्रश्नावली, युइंग यांनी १९८४ साली मांडलेली. कमी करावीशी वाटली का, लोकांच्या बोलण्यानं चिडलात का, अपराधी वाटलं का, आणि चौथा 'आय-ओपनर'. दोन 'हो' आले की पुढची चौकशी करायची. हा चौथा कुणी 'डोळे उघडणारा पेला' असा केला तर अर्थ उलटा होतो. मराठीत डोळे उघडले म्हणजे अक्कल आली! 'सकाळी उठल्याबरोबर उतारा घ्यावा लागतो का?' एवढं पुरे.

कळण्याची_भाकर:
उतारा म्हटलं की इकडे माणूस तलाठी शोधतो. विषावर दिलेलं औषधही उताराच. 'सकायमा उठताच घ्यावी लागते का' असं तोंडी विचारा, छापू नका.

जळगाव_पॅथ:
शब्दांची मारामारी चाललीय, पण खरं नुकसान 'ड्रिंक' या शब्दानं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट प्रश्नावलीत १० प्रश्न, ४० पैकी गुण. ८ किंवा वर आले तर पिणं धोक्याचं. २० किंवा वर आले तर अवलंबित्व असण्याची शक्यता, तज्ज्ञाकडे पाठवायचं. तिचं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशोब असा: मिली गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९. क्वार्टर १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम. सहा ड्रिंक! ६० मिलीचा पेग दोन ड्रिंक. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर चार.

आता रोज एक क्वार्टर पिणारा घ्या. बरोबर मोजलं तर पहिल्या प्रश्नाचे (किती वेळा पिता?) ४, दुसऱ्याचे (पिता त्या दिवशी किती ड्रिंक?) २, तिसऱ्याचे (एका वेळी सहा किंवा जास्त, किती वेळा?) ४. तीन प्रश्नांतच १०. मराठीत 'पेग' छापलं की तो सांगणार तीन: ४ अधिक १ अधिक शून्य, ५. 'ग्लास' छापलं तर तो म्हणेल एकच: ४. माणूस तोच, बाटली तीच, आणि चाळणीतून गळून गेला.

शब्दवेल्हाळ:
चाळणी? स्क्रीनिंगला 'छाननी' आहे की.

जळगाव_पॅथ:
छाननीत अर्ज बाद होतो, निकाल लागतो. इथं निकाल लागत नाही. चाळणीत वर राहिला तो आजारी ठरत नाही, त्याची नीट तपासणी करायची एवढंच. 'चाचणी'ही नको. लोक रक्त द्यायला बाही वर करतात. रक्तातला जीजीटी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेला दिसेल, पण तो इतर यकृतविकारांत आणि काही औषधांनीही वाढतो. एकट्या जीजीटीवरून कुणाला दारुडा ठरवू नये.

मेहरूणची_बोर:
'दारुडा' आणि 'व्यसनी' दोन्ही हटवाच. कौटिल्याकडे व्यसन म्हणजे राज्यावरचं संकट. राजा, अमात्य, कोश, सगळ्यांची व्यसनं. आपण त्याचं शिवीत रूपांतर केलं. २०१३ च्या डीएसएम-५ नं, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनं, 'अब्यूज' आणि 'डिपेंडन्स' ही दोन खाती मोडून एकच विकार केला, ११ निकष, १२ महिन्यांत दोन जुळले तरी निदान. मराठीत 'मद्यपान विकार' म्हणा.

कळण्याची_भाकर:
'मद्यपान विकार' म्हटल्यावर माणूस म्हणेल, मी मद्यपान नाही करत, दारू पितो.

सातबारा:
ऑडिटच्या तिसऱ्या प्रश्नातल्या 'ऑन वन ऑकेजन'चं काय? 'एखाद्या प्रसंगी' छापलेलं असतं. प्रसंग म्हणजे लग्न, अखाजी, भोंगऱ्या बाजार. रोज रात्री धाब्यावर जाणारा खुशाल 'कधीच नाही' म्हणेल, खोटं न बोलता. 'एका बैठकीत' हवं.

शब्दवेल्हाळ:
बैठक लावणीची असते, नाहीतर पक्षाची.

सातबारा:
आणि दारूची. तिन्ही एकाच दिवशी असू शकतात.

सातपुडा_पायथा:
तुमचा हा सगळा हिशोब छापील टक्केवारीवर उभा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची असेल तर टक्केवारी कुठून आणणार? भट्टीगणिक आणि धारेगणिक वेगळी. सुरुवातीची धार कडक, शेवटची पाणचट, मग दोन्ही मिसळतात. तिथं ड्रिंकमध्ये उत्तर मागूच नका. रिकामी क्वार्टर आणि घरातला नेहमीचा ग्लास समोर ठेवा, किती भरतो ते पाण्यानं भरून दाखवायला सांगा, मिलीत मोजा. सोबत 'पहिल्या धारेची की मिसळलेली' हे विचारा, आणि आकड्यापुढे 'अंदाजे' लिहा.

कळण्याची_भाकर:
'पहिल्या धारेची' विचारून काही हाती लागायचं नाही, दादा. विकणारा प्रत्येक बाटलीला तेच सांगतो, पिणाराही तेच सांगतो. त्या शब्दाचा धारेशी संबंध कधीच तुटला, आता त्याचा अर्थ फक्त 'चांगली'.

सातपुडा_पायथा:
जळगावात तुटला असेल. भट्टीवर अजून वेगळ्या बाटलीत काढतात, आणि भावही वेगळा असतो. भाव विचारा, धार कळेल.